गुरुवारी ब्लेड नाही

माझ्या अंगावर केस फार. हातांवर, छातीवर, खांद्यांवर, पाठीवर, सगळीकडे. शाळेत मला अस्वल म्हणायचे, आयटीआयमध्ये अस्वल म्हणायचे, आणि चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात, कोणी कोणाला काही न सांगता, तिथेही अस्वलच झालो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वडीलही तसेच होते. मी शाळेत असतानाच ते गेले, त्यामुळे आई माझ्या हातांकडे बघून "बापावर गेलंय लेकरू" म्हणायची तेव्हा उलट बरंच वाटायचं. पेंट शॉपमध्ये टाकेपर्यंत या केसांचा मला काडीचा त्रास नव्हता.

पेंट शॉप म्हणजे गाडीला रंग चढतो तो विभाग. बाहेरच्याला वाटतं, तिथे रंगाचे डाग आणि पसारा असेल. प्रत्यक्षात तिथे एवढी स्वच्छता की आपल्या घरी जेवताना तेवढी नसते. रंगाआधी गाडीच्या सांगाड्यावरून पिसांचे मोठाले रोलर फिरतात आणि धूळ उचलतात. त्यानंतर आमचा नंबर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, टोपी, मास्क, हातमोजे, आणि हातात एक चिकट फडकं. ते फडकं बॉनेटवरून, दारांवरून हलक्या हातानं फिरवायचं आणि उरलीसुरली धूळ टिपायची. पुढे रोबो रंग मारतात. रंगाखाली कुसळाएवढं काही राहिलं तरी रंग वाळवायच्या भट्टीतून बाहेर आलेल्या गाडीवर ते ठळक दिसतं, आणि मग ती गाडी घासून पुन्हा रंगवावी लागते.

मी तिथे ट्रेनी होतो. ट्रेनिंग संपलं की कंपनी काहींना पर्मनंट करते, बाकीच्यांना रामराम. पर्मनंट या शब्दाची आमच्याकडे काय किंमत आहे ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. पोरगी द्यायची म्हटलं की लोक पगार नंतर विचारतात, आधी विचारतात, "पर्मनंट आहे का?" माझं लग्न "होणार आहे" या दोन शब्दांवर झालं होतं. सासरे कासारवाडीचे. ते घरी आले की चहाचा कप हातात घेण्याआधी विचारायचे, "मग, झालं का?" मी म्हणायचो, "होईल." बायको आत भांडी आपटायची. ती माझ्यावर रागावलेली असायची की वडिलांवर, ते मला कधी कळलं नाही.

आणि आई. लातूरकडचं घर बंद करून ती आमच्याकडे आकुर्डीला राहायला आली त्या वर्षीच तिनं गुरुवार धरले, माझ्या पर्मनंटसाठी. देवाला तिनं स्पष्ट सांगितलं होतं, लेकरू पर्मनंट होईपर्यंत गुरुवार सोडणार नाही. दिवसभर उपास, संध्याकाळी दत्ताच्या देवळात जाऊन आल्यावर एकदाच जेवण. त्या दिवशी घरात कपड्यांना साबण लागायचा नाही, नखं काढायची नाहीत, केस कापायचे नाहीत, दाढीला ब्लेड लावायचं नाही. आणि हा नियम तिच्यापुरता नव्हता, अख्ख्या घराला होता. मी तोवर गुरुवारी दाढी केली नव्हती, म्हणून मला तो नियम कधी जड गेला नव्हता.

मग एके दिवशी एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर रंगाखाली केस सापडला. केस नव्हे, केसासारखं काहीतरी, पण तेव्हा सगळे केसच म्हणाले. तो उकरून काढला आणि पारदर्शक टेपवर चिकटवून आमच्या सुपरवायझरनी सगळ्यांपुढे धरला. सुपरवायझर चाकणशेजारच्या गावातले, घरची शेती कंपनीत गेलेली आणि स्वतःही कंपनीत आलेले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची गंमत करायची सवय होती.

"ह्यो बघा राव. काळा हाय, वाकडा हाय. डोक्याचा काय न्हाई ह्यो." असं म्हणून त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. हातमोजा आणि सूटची बाही यांच्यामधून माझे केस बाहेर आले होते. "अस्वलाचाच दिसतोय! आवो, काढून टाका की राव. बाया काढत्यात, तुमाला काय धाड भरलीय?"

सगळे हसले. मीही हसलो. आता या वाक्याचं मी करायचं काय? हुकूम असता तर लेखी द्या म्हटलं असतं. गंमत असती तर सोडून दिलं असतं. पण गमतीत दिलेला हुकूम हा सगळ्यात वाईट, तो मोडताही येत नाही आणि त्याबद्दल तक्रारही करता येत नाही. पर्मनंटच्या यादीत नाव सुचवायचं काम याच माणसाकडे होतं. त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वापरून फेकायचं रेझर आणलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बस यायच्या आधी, थंड पाण्यानं हात ओले केले, अंगाचा साबण फासला आणि मनगटापासून कोपराकडे सरळ उलटं ब्लेड ओढत गेलो. दाढी उलटी केली की गुळगुळीत होते, एवढं एकच शास्त्र मला माहीत होतं. दोन ओढीत रेझर केसांनी भरून जायचं, मग मी ते नळाच्या तोटीवर आपटायचो. शेवटी हात गुळगुळीत झाले खरे. स्वतःचेच हात ओळखू येईनात. बसमध्ये खिडकीतून येणारं वारं हातांना लागलं तेव्हा थंडी वाजली, आणि मोशीच्या पुढे जाईपर्यंत आगही सुरू झाली होती.

सूटमध्ये घाम येतो. ते नायलॉनसारखं कापड, वरून भट्टीची ऊब, आणि आत ताजी सोललेली कातडी. तरी ते सहन झालं असतं. खरं वाटोळं झालं शिफ्ट संपल्यावर. आमच्या चिकट फडक्याचा चीक मनगटांना लागतो आणि तो साबणानं निघत नाही. म्हणून सगळे जण एक गोष्ट करतात जी कोणी करू नये असं भिंतीवर लिहिलेलं आहे: डब्यातलं थिनर बोळ्यावर घेऊन हात पुसतात. मीही रोज तसेच पुसत होतो. त्या दिवशीही, काही विचार न करता, मनगटापासून कोपरापर्यंत पुसले. त्यानंतर मी जे ओरडलो ते ऐकून लॉकर रूममधले लोक पळत आले.

घरी आल्यावर बायकोनं हात बघितले आणि कपाळावर हात मारला. ती लग्नाआधी कासारवाडीत एका पार्लरमध्ये काम करत होती.

"उलटं फिरवलंत ना?"

"मग कसं फिरवायचं?"

"अहो, पहिल्यांदा गरम पाण्यानं कातडी मऊ करायची. फेस लावून थोडं थांबायचं. केस ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूनं हलकं फिरवायचं. दाबायचं नाही, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा ओढायचं नाही. आणि नवं ब्लेड! झाल्यावर गार पाणी, टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि मग तेल नाहीतर क्रीम. हे आम्हा बायकांना चौदाव्या वर्षी कळतं."

मला राग आला. दुखतंय कोणाचं, आणि शिकवणी कोणाची चाललीय! म्हटलं, मग तूच कर ना. तिनं आनंदानं वॅक्स तापवलं. कोपराच्या वर, न काढलेल्या केसांवर एक पट्टी लावली, आणि ओढली. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "काय पडलं रे?" मी म्हटलं काही नाही. दुसरी पट्टी मी लावू दिली नाही. शिवाय वॅक्ससाठी केस आधी थोडे वाढू द्यायला लागतात, आणि वाढलेले केस घेऊन मी सुपरवायझरपुढे उभा कसा राहणार होतो?

थोड्या दिवसांनी दुसरा केस सापडला, एका गाडीच्या दारावर, रंगाखाली. मी हात पुढे केले, गुळगुळीत. सुपरवायझरनी माझ्या सूटच्या गळ्याकडे बोट दाखवलं. तिथून छातीवरचे केस डोकावत होते. मग छातीही केली. खांदे केले. पाठीला माझा हात पोचेना, ती बायकोनं केली. मी बाथरूममध्ये स्टुलावर पाठमोरा बसायचो आणि ती मागून बोलत राहायची की पार्लरमध्येसुद्धा एवढं मोठं गिऱ्हाईक तिला कधी आलं नव्हतं.

हे आईला फार दिवस कळलं नाही असं नाही. बनियनवर बसलेल्या माणसाचे हात लपतात थोडेच! तिनं एकदा माझा दंड धरला आणि त्यावरून हात फिरवला. "काय करायलास रे हे? बाईसारखं केलंस अंग." मी म्हटलं, कंपनीचा नियम आहे. ती गप्प झाली. कंपनी म्हटलं की ती गप्प व्हायची, कारण पर्मनंट कंपनीच करणार होती. फक्त एवढंच म्हणाली, "गुरुवारी नगं करू बाबा. तेवढं संभाळ."

सगळी गोची इथेच होती. आमच्या पट्ट्यात सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आठवड्यातून एकच दिवस असा, की अंगावर सूट चढत नाही, थिनर लागत नाही, आणि नेमका त्याच दिवशी आमच्या घरात ब्लेडला बंदी. त्यामुळे मी कामाच्या दिवशी पहाटे घाईत केस काढायचो आणि तसाच सूटमध्ये शिरायचो. थिनर सोडून दिलं, पाण्यात तासभर हात घासत बसलो, तरी घाम होताच. संध्याकाळी करून बघितलं. रात्रभरात कातडी भरून येत नाही, सकाळी सूट पुन्हा तेच करायचा. हातांवर आधी लाल ठिपके आले, मग पुटकुळ्या. छातीवर केस आतल्या आतच वळून वाढायला लागले आणि त्यांच्या गाठी झाल्या. पाठीला खाज सुटली की सूटमध्ये हातही घालता यायचा नाही. मी लाइनवर उभा राहून दात खात गाड्या पुसायचो.

"मग बुधवारी संध्याकाळी करा," बायको म्हणाली. "गुरुवारी अख्खा दिवस अंग उघडं राहील."

वाटतं तेवढं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाइन बंद म्हणून बुधवारी हमखास ओव्हरटाइम. आणि आईचा गुरुवार गुरुवारी थोडाच उगवायचा! तो बुधवारी दिवेलागणीलाच सुरू व्हायचा. मी घरी पोचेपर्यंत तिनं फरशी पुसलेली, बाथरूम धुतलेलं, देवाची भांडी घासून पालथी घातलेली असायची. त्या धुतलेल्या बाथरूममध्ये केस सांडायचे म्हणजे तिचा गुरुवार आदल्या रात्रीच बाटवायचा. सलूनमध्ये जावं तर खुर्चीत उघडं बसून छाती-पाठ करून घ्यायची मला लाज. आणि करून घेतलीही असती तरी गुरुवारी सकाळी माझं अंग बघून, तिचा गुरुवार लागल्यावर ब्लेड लावलंय हे तिला कळणारच होतं.

शेवटी एक दिवस हातांची इतकी आग होत होती की बायकोनं तिची क्रीम पुढे केली. "थोडी लावा. जिरून जाते. कोणाला कळतंय?" पेंट शॉपमध्ये क्रीम, तेल, अत्तर, काहीही चालत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेलाचा कण जरी गाडीच्या पत्र्यावर पडला तरी तिथे रंग धरत नाही, फाकतो आणि बारीक खड्डा पडतो. म्हणजे केस ठेवायचे नाहीत, आणि काढल्यावर त्या कातडीला लावायचंही काही नाही! हा न्याय कोणी काढला असेल त्याला एकदा माझ्या सूटमध्ये घालून उभं करायला हवं होतं. मी क्रीम लावली. थोडी नाही, भरपूर लावली. त्या रात्री किती तरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बॉनेटवर खड्डे दिसायला लागले. एका गाडीवर, मग दुसऱ्या, मग ओळीनं. लाइन थांबली. साहेब लोक खाली आले, टॉर्च मारून बघायला लागले. सुपरवायझरनी आम्हा पुसणाऱ्यांना एका रांगेत उभं केलं, हातमोजे काढायला लावले, बाह्या वर करायला लावल्या आणि एकेकाच्या हाताचा वास घेत निघाले. मिशीवाला एवढा मोठा माणूस वाकून लोकांचे हात हुंगतोय, एरवी मी पोट धरून हसलो असतो. माझ्यापाशी आले, हुंगलं आणि मान वर केली.

"गुलाब?" ते म्हणाले.

त्यांनी माझी बाही आणखी वर केली. खालचे हात बघितले. त्या पुटकुळ्या, ते लाल पट्टे बघून त्यांचा चेहरा उतरला. साहेबांना त्यांनी कारण समजलं नाही म्हणून सांगितलं, आणि मला बूथच्या, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीच्या, बाहेर काढून रंगानं थापलेल्या लोखंडी जाळ्या घासायला पाठवलं. जाताना हळूच म्हणाले, "ह्या बारीला झाकलं राव. पुन्यांदा झालं तर माझ्या हातात काय न्हाई. यादी पाठवायचे दिस आल्यात. आन ही कातडी नीट करा आधी, आसल्या हातांवर मेडिकलवाला सही करायचा न्हाई."

त्या संध्याकाळी बसमध्ये मी हिशेब मांडून बघितला. केस आले तर गेलो. क्रीम लावली तर गेलो. कातडी अशीच राहिली तर पर्मनंट करण्याआधीच्या मेडिकल तपासणीत गेलो. सुटका एकच होती: गुरुवारी सकाळी शांतपणे, गरम पाण्यानं, सुलट करायचं, खोबरेल लावायचं, दिवसभर उघडं बसायचं, आणि शुक्रवारी निघण्याआधी साबणानं दोनदा धुऊन तेलाचा मागमूस ठेवायचा नाही. एवढी साधी गोष्ट. आणि ती माझ्या आईच्या उपासानं अडवली होती, जो उपास माझ्याचसाठी होता.

घरी गेलो आणि आईला म्हटलं, "या गुरुवारी मी ब्लेड लावणार आहे."

ती तांदूळ निवडत होती. "एक दिस सोडून कर की बाबा. सहा दिस पडल्यात."

मी समजावायला हवं होतं. पण मला समजावायचा कंटाळा आला होता. सकाळपासून जाळ्या घासून हात सोलवटले होते. मी शर्ट काढला आणि तिच्यासमोर उभा राहिलो. "हे बघ! हे तुझ्या गुरुवारामुळं झालंय. देवानं नाही, कंपनीनं नाही, तू सोललीस माझी कातडी!"

बायको दारात आली आणि तिथेच थांबली. आई माझ्या छातीकडे बघत राहिली. मग तिनं ताटातले तांदूळ एका बाजूला केले, पुन्हा पसरले, पुन्हा गोळा केले. जेवायलाही बसली नाही. मला रात्रभर तिचा राग येत होता, आणि राग येतोय म्हणून माझाही येत होता.

गुरुवारी सकाळी मी उठलो तर स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. गुरुवारी सकाळी आमच्याकडे तवा चढत नाही. आत जाऊन बघितलं. आई जमिनीवर बसली होती. पुढे ताटलीत भाकरी, ठेचा, कांदा. देवापुढे दिवा लावलेला नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. मग दुसरा घेतला. तिच्या घशाखाली उतरत नव्हता हे दिसत होतं, पण तिनं पाण्याबरोबर उतरवला. पूर्ण भाकरी संपेपर्यंत ती उठली नाही.

"आता माझा उपास न्हाई," ती म्हणाली. "उपास न्हाई तर गुरुवार बी न्हाई. पाणी तापवून ठेवलंय, जा."

"आई, अगं..."

"उपास माझा हुता. म्या मोडला. लागलं पाप तर मला लागंल. तू जा."

मी गेलो. काय करणार होतो दुसरं? बादलीतलं पाणी चांगलं कढत होतं. बायकोनं नवं ब्लेड दिलं. अंग शेकलं, फेस लावला, थांबलो, आणि केस जसे वळलेत तसं हलकं फिरवत गेलो. कुठे ओरखडा आला नाही. पाठ बायकोनं केली, आणि त्या दिवशी तिनं एकही विनोद केला नाही. गार पाणी घेतलं, टिपलं, खोबरेल लावलं आणि दिवसभर पंख्याखाली उघडा बसून राहिलो. संध्याकाळी आई देवळात गेली नाही.

पुढचे गुरुवारही तसेच गेले. आई सकाळी भाकरी खायची, मी ब्लेड लावायचो. पुटकुळ्या सुकल्या, गाठी बसल्या, लाल पट्टे गेले. माझं अंग लहान पोराच्या अंगाइतकं मऊ झालं. मेडिकलवाल्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून बघितले आणि सही केली. सुपरवायझरनी माझं नाव यादीत घातलं आणि मला ते येऊन सांगितलंही.

त्याच सुमारास आणखी दोन केस सापडले. माझ्या अंगावर तेव्हा औषधालाही केस नव्हता. आता मात्र साहेबांनी ते भिंगाखाली धरून बघितले आणि मेंटेनन्सवाल्यांना बोलावलं. ते केस नव्हतेच. सुरुवातीला गाडीवरून जे रोलर फिरतात ना, ते शहामृगाच्या पिसांचे असतात. एका रोलरची पिसं झिजली होती आणि त्यांचे तंतू तुटून पडत होते. काळे, वाकडे. पिसं बदलली आणि केस सापडायचे बंद झाले.

"पक्ष्याची पिसं निघाली राव!" सुपरवायझर हसत हसत सांगत आले. मला हसू आलं नाही. एका पक्ष्यासाठी मी महिनोन् महिने अंग सोलून घेतलं होतं. मी विचारलं, "मग आता वाढवू का केस?" ते माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. आता बरं दिसतंय." पुन्हा तेच. हुकूम की गंमत, ते याही वेळी कळलं नाही. मी आजही काढतो.

मग निकाल आला. आमच्या तुकडीतल्या एकालाही पर्मनंट केलं नाही. यादीत असलेल्यांनाही नाही, नसलेल्यांनाही नाही. कंपनीचं धोरण बदललं, एवढंच सांगितलं, आणि सगळ्यांना नव्या नावाच्या स्कीममध्ये आणखी एका वर्षासाठी घेतलं. आम्ही कॅन्टीनमध्ये बसून शिव्या दिल्या, चहा प्यायलो आणि पुन्हा लाइनवर गेलो.

आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. ती भाजी चिरत होती. मी सांगितलं. विळीवरचा तिचा हात थांबला. ती म्हणाली, "भाकरी खायला नगं हुती म्या."

मी चिडलो. केवढा चिडलो ते मला आता सांगवत नाही. तिला पिसांचं सांगितलं, धोरणाचं सांगितलं, एकालाही घेतलं नाही हे पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी म्हटलं, "अगं, आमच्या तुकडीत एवढी पोरं आहेत. कोणी साताऱ्याचा, कोणी बीडचा, कोणी कोकणातला. त्या सगळ्यांच्या आयांनी उपास मोडला होता का?"

तिनं विळी आडवी केली, पदराला हात पुसला.

"त्यांच्या आयांचं मला काय ठावं, लेकरा," ती म्हणाली. "म्या खाल्ली, तेवढं मला ठावं हाय."